दंड दुखतो तिथे नेमकं काय आहे? खांद्याच्या स्नायूचं टोक बोटांनी असं शोधा

कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत जोर मारणारा पोरगा असो की दिवसभर शिलाई मशीनवर बसणारी मावशी, खांदा धरला की माणूस दंडाच्या मधोमध बोट ठेवतो. "हितं ठणकतंय बघा." मग तिथेच बाम, तिथेच मालिश. ते बोट कशावर पडतं, हे स्वतःच्या हातावर पाच मिनिटांत कळतं.

खांद्याला गोलाई देणारा जाड स्नायू म्हणजे डेल्टॉइड. पैलवानाचे खांदे भरलेले दिसतात ते याच्यामुळे. वर तो ऐसपैस पसरलेला असतो: पुढे गळ्याच्या हाडाचा बाहेरचा भाग, बाजूला खांद्याचं टोक, मागे फऱ्याच्या हाडावरची आडवी कड. तिथून तंतू खाली एकवटत येतात आणि दंडाच्या हाडावरच्या एका खरबरीत उंचवट्याला चिकटतात. तोच शोधायचा.

डावा हात घेऊ. गळ्याच्या हाडावरून बोट बाहेर नेत राहा, शेवटी सपाट, टणक हाड लागेल. तिथे एक खूण. दुसरी खूण कोपराच्या बाहेरच्या अंगाच्या हाडावर. दोन्हींच्या साधारण मध्यावर पेनाने टिंब काढा. जागा त्याच्या आसपास निघते.

आता दाराच्या चौकटीला डावी बाजू लावून उभे राहा, कोपर वाकवा आणि कोपराने चौकट बाहेर ढकला. खांदा दगडासारखा होतो. उजव्या हाताचा अंगठा स्नायूच्या पुढच्या कडेवर, बोटं मागच्या कडेवर ठेवून खाली सरकत या. दोन्ही कडा मिळतात तिथे थांबा. जागा अगदी बाजूला नसते, किंचित पुढे असते. मग हात सैल सोडून हलकेच दाबा. मांस पातळ होऊन हाड लागतं.

घोळ होतो तो बेटकुळीमुळे. मूठ आवळून कोपर वाकवल्यावर पुढे येते ती बेटकुळी वेगळ्या स्नायूची. ती आणि दंडामागचा स्नायू यांच्यामधल्या खाचेच्या वरच्या टोकाला आपली जागा. दंडाला ताईत बांधणाऱ्यांना हे सोपं जातं, दोरा बहुधा तिथेच उतरून बसतो.

इथून मागे-खाली मात्र जोरात रगडू नका. मनगट उचलणारी नस तिथे हाडाला चिकटून जाते. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलेल्याचं मनगट सकाळी लुळं पडतं ते ही नस दबल्याने. दंडात दिलं जाणारं इंजेक्शनही या टोकावर नसतं, ते खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटांवर, जाड मांसात देतात.

आता दुखण्याचं. बोट इथे ठेवलं तरी मूळ बरेचदा वर असतं. खांद्याच्या सांध्याभोवतीच्या छोट्या स्नायूंच्या दोऱ्या सुजल्या किंवा फ्रोझन शोल्डर झाला, म्हणजे खांदा आखडला, तरी कळ उमटते ती नेमकी या टोकापाशी. कधी मानेतून येणारी नसही इथेच बोलते. (छातीत दडपण, घाम आणि डाव्या हातात कळ असेल तर शोधाशोध सोडा, थेट दवाखाना गाठा.) म्हणून डॉक्टरांना नुसती जागा दाखवू नका. केस विंचरताना, फळीवरचा डबा काढताना, त्या कुशीवर झोपल्यावर दुखतं का, हेही सांगा.