जुन्या बाजारातल्या लॅम्पला नवी टोपी

टेबल लॅम्प नवा करायचा म्हटलं की जो तो सोनेरी स्प्रेचा डबा घेऊन दांड्यामागे लागतो. दांडा चकाकतो, वरची टोपी (लॅम्पशेड) मात्र तीच, पिवळी पडलेली. संध्याकाळी दिवा लावला की दांडा अंधारात जातो आणि उजळते ती टोपी. म्हणून माझं म्हणणं, दांड्यावर एक दुपार घालवा आणि बाकीचा सगळा जीव टोपीत ओता. आतापर्यंत अकरा-बारा लॅम्प केले. त्यातल्या पहिल्या तिघांच्या टोप्या मी स्वतःच कचऱ्यात टाकल्या, त्यामुळे कुठे घसरायला होतं ते नीट माहीत आहे.

खरेदीबद्दल थोडक्यात. पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार, मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट (शुक्रवारी दुकानं बंद असतात). टोपीचं कापड फाटलेलं असेल तर उत्तम, भाव पाडायला बरं. सांगाड्याच्या दोन कड्या मात्र गोल हव्यात, चेमटलेल्या नकोत. जमिनीवर ठेवून पाहा; कडी डुगडुगली तर दुसरा लॅम्प बघा. खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला तर आत लोखंड आहे, विक्रेता ‘पितळ आहे ताई’ म्हणून कितीही शपथा घेवो. नाही चिकटला तरी लगेच हुरळू नका, ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. बुडाशी, दिसणार नाही अशा जागी थोडं खरवडा. आत पांढरं निघालं तर मुलामा आहे. पिवळंच राहिलं तर पितळ, आणि पितळेला रंग फासणाऱ्याशी मी बोलत नाही. चिंच-मीठ लावा, धुवा, कोरडं पुसा, झालं.

लोखंड असेल तर गंज घासून काढा, रेड ऑक्साइड प्रायमर, मग एनॅमलचे दोन पातळ हात. पावसाळ्यात स्प्रे मारू नका, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते.

जुनी वायर ठेवायचीच नाही. वरून धड दिसते, पण दांड्याच्या आत वाकते तिथे तिचं प्लास्टिक तडकलेलं असतं. आयएसआय खुणेची तीन तारांची लवचीक वायर, नवा होल्डर, तीन पिनांचा प्लग. दांडा धातूचा असेल तर हिरवी-पिवळी अर्थिंगची तार दांड्याला स्क्रूने घट्ट जोडलेली हवी, ती कापून आत कोंबायची नाही. यातलं काही कळलं नसेल तर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आता टोपी.

जुनं कापड फाडण्याआधी मापं घ्या. पहिल्या खेपेला मी उत्साहात सगळं टरकावलं आणि हातात दोन सुट्या कड्या राहिल्या. त्यांच्यामध्ये अंतर किती होतं, देव जाणे. तीन मापं लागतात: वरच्या कडीचा व्यास, खालच्या कडीचा व्यास आणि टोपीच्या अंगाची तिरकी उंची. उंची टेबलापासून सरळ वर मोजायची नाही, टोपीच्या अंगावरूनच टेप लावायची. कड्या सुट्या झाल्या की त्यांचा गंजही घासून काढा आणि पांढरं एनॅमल द्या. नाहीतर दोन पावसाळ्यांत कापडावर तांबूस रेघ उमटते.

मग कापड. सध्या खणाच्या टोप्यांची टूम आहे. दिवसा काय देखण्या दिसतात! संध्याकाळी बटण दाबा आणि बघा: खणाची वीण इतकी घट्ट आणि रंग इतका गडद की उजेड आतच अडतो. टोपी म्हणजे पालथं काळं मडकं, उजेड फक्त वरून आणि खालून सांडतो. दुकानातला खण हातात घेऊन ‘वा’ म्हणू नका, मोबाइलचा टॉर्च त्याच्या मागे धरा आणि मग बोला. खण काठाला वापरा, अंगाला नाही. अंगाला हवी जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली फिकट सुती साडी. बदामी, फिकट पिवळी, मोतिया. आईच्या घरात नेसायच्या साड्यांपैकी एखादी मागा. ती ‘अगं, ती पोतेऱ्याला काढलीय’ म्हणेल, तीच घ्या. जुन्या सुतीचा आणखी एक फायदा: ती आटायची तेवढी आटलेली असते. नवं कापड असेल तर आधी भिजवून वाळवा. ओला पांढरा रुमाल घासून रंग जातो का तेही पाहा.

आता साचा. सगळीकडे एकच सल्ला मिळतो: जुनी टोपी वर्तमानपत्रावर गडगडवा आणि पेन्सिलीने कड आखत जा. मी दोनदा केलं. दोन्ही वेळा टोपी किंचित सरकली आणि शेवटी सांधा बोटभर तिरका आला. दहावीतले समरूप त्रिकोण यापेक्षा बरे. टोपी उलगडली की पंख्यासारखा आकार होतो: खालच्या कडीची मोठी कमान, वरच्या कडीची लहान. खालचा व्यास गुणिले तिरकी उंची, त्याला दोन्ही व्यासांतल्या फरकाने भागा, की मोठ्या कमानीची त्रिज्या मिळते. त्यातून तिरकी उंची वजा केली की लहान कमानीची. माझ्या एका लॅम्पला वरचा व्यास १५ सेंमी, खालचा ३०, तिरकी उंची २२. म्हणजे ३० गुणिले २२ भागिले १५, बरोबर ४४. लहान त्रिज्या २२. जमिनीवर कागद पसरा, खिळ्याऐवजी धाकट्या भावाचा अंगठा, सुतळीला पेन्सिल, आणि एकाच मध्यापासून दोन कमानी काढा. सुतळी ताणली जाते, म्हणून मी आता लाकडी पट्टीला दोन भोकं पाडून ठेवली आहेत.

मोठी कमान किती लांब घ्यायची? खालच्या कडीचा घेर, म्हणजे ३० गुणिले ३.१४, साधारण ९४ सेंमी, अधिक सांध्याला दीड सेंमी. कमानीवर दोरा ठेवून मोजा आणि दोन्ही टोकांपासून मध्याकडे सरळ रेघा ओढा. हा आकार जेमतेम ७८ बाय ३४ सेंमीच्या चौकटीत बसतो. नेहमीचा २२ बाय ३० इंची ड्रॉइंग पेपर ७६ सेंमीचा असतो, म्हणजे साचा सरळ ठेवला तर दोन सेंमीनी कमी पडतो. मी दुकानातून दोनदा परत आले आहे. कापडाच्या आत अस्तरासारखा लावायला रोलमधला कार्ट्रिज कागद (जाड ड्रॉइंगचा कागद) कापून मागा, २०० ते २५० जीएसएम जाडीचा.

इथून पुढे माझ्या पहिल्या तिन्ही टोप्या मेल्या. कापड कागदाला चिकटवायचं, एवढंच तर काम. पहिल्या वेळी फेव्हिकॉल सरळ ब्रशने फासला. वाळल्यावर छान दिसलं. दिवा लावला तर ब्रशचा प्रत्येक फटकारा पट्ट्यापट्ट्यांनी दिसत होता, जसं काही कोणी आतून भिंत सारवली आहे. दुसऱ्या वेळी फेव्हिकॉलमध्ये पाणी घातलं, तर बुडबुडे आले. तिसऱ्या वेळी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप कडेकडेने लावली. मधलं कापड पहिल्याच पावसाळ्यात पोटासारखं सुटलं.

उपाय एका बुकबाइंडरकडे मिळाला: मैद्याची खळ. फेव्हिकॉल लवकर धरतो आणि मग कापड हलू देत नाही. खळ सावकाश वाळते, म्हणून सरकवायला, उचलून परत बसवायला वेळ मिळतो, आणि वाळल्यावर उजेडात दिसत नाही. पाव वाटी मैदा, दीड वाटी पाणी, चिमूटभर तुरटी. गार पाण्यात गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन काचेसारखी चमक आली की उतरवा. पूर्ण गार करा आणि चहाच्या गाळण्यातून गाळा. गाळायचा कंटाळा केलात तर प्रत्येक गुठळी दिव्यासमोर पुळीसारखी दिसेल. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, घरात लहान मूल असेल तर त्या भानगडीत पडू नका.

बुडबुड्यांचं कारणही त्यांनीच सांगितलं. कोरड्या कागदाला खळ लागली की तो फुगतो, पण लगेच नाही, मिनिटा-दोन मिनिटांनी. तोवर तुम्ही कापडावर दाबून मोकळे झालेले असता. कागद वाढतो, त्याला जागा नसते, मग तो फुगे काढतो. म्हणून कागदाला खळ लावा आणि पाच मिनिटं हात बांधून बसा. काय फुगायचं ते फुगू द्या. मग पुन्हा एक पातळ हात द्या आणि तेव्हाच चिकटवा.

आता नेमका क्रम. कापड कागदापेक्षा चारी बाजूंनी पाच सेंमी मोठं कापा. सनमायक्याच्या स्वच्छ टेबलावर ते उलटं पसरा, पाणी फवारा, उभे-आडवे धागे सरळ करून घ्या. शंकूवर कापलं की धागे तसेही तिरके फिरतात, म्हणून चौकडीची किंवा रेघांची साडी घेऊ नका. बारीक बुट्टी किंवा सपाट रंग ठीक. खळ कागदाला लावायची, कापडाला कधीच नाही, नाहीतर ती विणीतून पलीकडे झिरपते. फुगलेला कागद मध्यापासून टेकवा आणि कोरड्या फडक्याने मधून कडेकडे दाबत जा. मग कापडाच्या बाहेर राहिलेल्या कडांना खळ लावून त्या टेबलालाच चिकटवा. हो, टेबलाला. वाळताना कापड आटतं, पण कडा धरलेल्या असल्यामुळे ते वळत नाही, मृदंगाच्या पुडीसारखं ताणलं जातं. रात्रभर पंखा बंद ठेवा, नाहीतर एक बाजू आधी वाळते. सकाळी सुरीने कडा सोडवा, टेबल ओल्या फडक्याने पुसा. सासूबाई उठायच्या आत.

साचा त्यावर ठेवून कापा. सांध्याला दीड सेंमीवर फेव्हिकॉल (आता चालतो), कपड्यांचे चिमटे, दोन तास. मग कड्या आधी कोऱ्याच बसवून बघा. सैल वाटली तर सांधा लगेच सोडवा, पुढे सावरता येत नाही. मोठी कडी आधी, मग लहान. कडीला बाहेरून फेव्हिकॉलची बारीक धार द्या आणि दर तीन बोटांवर चिमटा लावा.

शेवटी काठ. साडीचा सरळ काठ इथे बसत नाही; शंकूच्या गोल कडेवर त्याला चुण्या पडतात. खणाची चार सेंमी रुंद उरेब पट्टी (धाग्यांना तिरकी) कापा. एक सेंमी बाहेर दिसू द्या, उरलेली कडीवरून आत दुमडून चिकटवा. उरेबला आपोआप वळण येतं.

बल्ब एलईडीच, पाच ते नऊ वॉटचा, खोक्यावर वॉर्म व्हाइट किंवा २७०० ते ३००० केल्विन लिहिलेला. जुना साठ वॉटचा पिवळा बल्ब कागद करपवतो. साडेसहा हजार केल्विनचा पांढरा बल्ब लावलात तर आईची बदामी साडी दवाखान्याच्या पडद्यासारखी दिसेल. माझ्या एका टोपीत आईने केलेलं रफू दिवा लावल्यावर काळपट चांदणीसारखं उमटतं. दिवसा ते दिसतही नाही. ती बाजू मी खुर्चीकडे ठेवली आहे, सांधा भिंतीकडे.