उंदराचे औषध पोटात गेले तर काय करावे : पहिल्या तासापासून शेवटच्या रक्ततपासणीपर्यंत

उंदीर मारण्याच्या अनेक वड्यांमध्ये आणि दाण्यांमध्ये रक्त गोठू न देणारे विष असते. ते पोटात गेल्यावर पहिले एक-दोन दिवस माणूस किंवा कुत्रा अगदी ठणठणीत दिसतो, आणि फसगत होते ती इथेच. घरचे निर्धास्त होतात, आणि रक्तस्राव सुरू होतो तेव्हा विषाला कामाला लागून तीन-चार दिवस झालेले असतात. म्हणून या विषबाधेत लक्षणांची वाट पाहायची नाही. वेष्टनावरचे नाव, खाल्लेल्या औषधाचे वजन आणि घड्याळ या तीन गोष्टी हाताशी धरून पुढचे ठरवायचे.

१. आधी वेष्टन शोधा

उरलेला तुकडा, पुडी, खोका, जे सापडेल ते एका पिशवीत घाला आणि वेष्टनाचा फोटो काढा. कंपनीच्या नावापेक्षा बारीक अक्षरात छापलेला विषारी घटक आणि त्याचे प्रमाण महत्त्वाचे. ब्रोडिफॅकूम, ब्रोमाडिओलोन, डिफेनॅकूम, डिफेथिअॅलोन, फ्लोकूमाफेन ही नावे असतील तर ते दुसऱ्या पिढीचे, शरीरात दीर्घकाळ टिकणारे विष. वॉरफरिन, कूमाटेट्रालिल, क्लोरोफॅसिनोन किंवा डायफॅसिनोन असेल तर पहिल्या पिढीचे. वॉरफरिन १९४८ पासून उंदरांसाठी वापरात आले. पुढे उंदीर त्याला दाद देईनासे झाले, म्हणून १९७०च्या दशकात दुसरी पिढी तयार झाली. जुन्या विषाने उंदीर मारायला अनेक दिवसांचे खाणे लागे, नव्याचे एक पोटभर खाणे पुरते.

रंगावरून काहीही ठरवू नका. निळा, हिरवा, लाल हे रंग उत्पादक आपल्या मर्जीने घालतात. उंदरासाठीच विकल्या जाणाऱ्या पण अगदी वेगळ्या जातीच्या विषांमध्ये झिंक फॉस्फाइडची काळपट पूड येते, पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट येते, ब्रोमेथॅलिन येते आणि मोठ्या मात्रेतले ड-३ जीवनसत्त्वही येते. झिंक फॉस्फाइडपासून पोटात विषारी वायू तयार होतो, फॉस्फरस यकृत निकामी करतो, ब्रोमेथॅलिन मेंदूवर सूज आणते, ड-३ रक्तातले कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडे बिघडवते. रक्त गोठू न देणाऱ्या विषावर उतारा असलेले के जीवनसत्त्व यांपैकी कशावरही चालत नाही आणि दोन दिवस थांबायला सवडही नाही. (के म्हणजे रक्त गोठवायला लागणारे जीवनसत्त्व, आंबट फळांतले क, म्हणजे ‘सी’, नव्हे.) वेष्टन सापडलेच नाही, तर औषध यांपैकी सर्वांत वाईट जातीचे आहे असे धरून थेट रुग्णालयात जा.

२. पहिल्या तासात

तोंडात उरलेले तुकडे बोटाने काढा, चूळ भरायला लावा, ओठ आणि हात साबणाने धुवा. एवढे झाले की डॉक्टरांना किंवा विष माहिती केंद्राला फोन करा. वय, वजन, घटकाचे नाव, टक्केवारी, अंदाजे किती ग्रॅम गेले आणि किती वाजता, हे सांगा. रोजची औषधे कोणती चालू आहेत हेही सांगा. रक्त पातळ ठेवणारी औषधे किंवा अॅस्पिरिन घेणाऱ्याला, तसेच यकृताचा आजार असणाऱ्याला थोडे विषही जड जाते.

उलटी करवू नका. मिठाचे पाणी पाजणे हा तर एक नवा अपघात आहे, कारण त्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनिया होतो. दूध, तूप, अंडे पाजून हे विष मरत नाही. खाल्लेले प्रमाण मोठे असेल आणि रुग्ण साधारण तासाभरात पोहोचला, तर रुग्णालयात औषधी कोळसा देण्याचा विचार करतात. घरातल्या जळक्या लाकडाच्या कोळशाचा त्यासाठी काही उपयोग नाही.

कुणी जाणूनबुजून खाल्ले असेल, तर पुढचा हिशेब करत बसू नका. अशा वेळी सांगितलेल्या प्रमाणावर विसंबता येत नाही आणि सोबत दुसऱ्या गोळ्याही घेतलेल्या असू शकतात. तब्येत उत्तम दिसली तरी लगेच रुग्णालयात न्या, त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि वाटेत जाब विचारत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांची भेट हा या उपचाराचाच भाग आहे.

३. किती गेले, याचा हिशेब

दुसऱ्या पिढीच्या तयार आमिषात सहसा ०.००५ टक्के विष असते. म्हणजे एका किलोत ५० मिलिग्रॅम, एका ग्रॅममध्ये ०.०५ मिलिग्रॅम. वॉरफरिनच्या आमिषात साधारण ०.०२५ टक्के, म्हणजे ग्रॅमला ०.२५ मिलिग्रॅम. डिफेथिअॅलोन बहुधा ०.००२५ टक्के असते. वेष्टनावर जो आकडा असेल तोच धरा.

२० ग्रॅमच्या वडीचा कोपरा मुलाने कुरतडला आणि उरलेली वडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर १६ ग्रॅम भरली. गेले ४ ग्रॅम, विष ०.२ मिलिग्रॅम. दीर्घकाळ टिकणाऱ्या या विषाचे नकळत पोटात गेलेले प्रमाण १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, रुग्णाला काही त्रास नसेल आणि तो रक्त पातळ करणारी औषधे घेत नसेल, तर रक्ततपासणी न करता घरीच लक्ष ठेवले तरी चालते, असे विषतज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. ०.००५ टक्क्यांच्या आमिषात १ मिलिग्रॅम म्हणजे २० ग्रॅम. लहान मुलांचे बहुतेक अपघात याच्या पुष्कळ खाली असतात आणि काही न होता निभावतात. शिवाय अनेक आमिषांत डेनाटोनियम नावाचा जहाल कडू पदार्थ मिसळलेला असतो, त्यामुळे मूल दुसरा घास सहसा घेत नाही. तरीही फोन टाळू नका. ‘घरीच थांबा’ हे डॉक्टरांनी सांगायचे आहे, आपण ठरवायचे नाही.

हा हिशेब एकदाच झालेल्या खाण्याचा आहे. रोज थोडे थोडे, चार-पाच दिवस पोटात जात असेल तर तो लागू पडत नाही. विष साठत जाते, आणि वॉरफरिनच्या बाबतीत तर एकदम खाण्यापेक्षा रोजचे थोडे खाणे जास्त घातक. द्रवरूप किंवा पूड स्वरूपातल्या तीव्र मालालाही हा आकडा लावू नका.

४. दोन दिवस काहीच का होत नाही

रक्त गोठवणारे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे चार घटक यकृतात तयार होतात, आणि ते कामाचे व्हायला के जीवनसत्त्व लागते. एकदा वापरलेले के शरीर एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने पुन्हा ताजे करून घेते. विष नेमके त्या विकराला अडवते. के संपत जाते आणि नवे घटक अर्धवट, निकामी निघू लागतात. रक्तात आधीपासून असलेल्या चांगल्या घटकांना मात्र विष हात लावत नाही, त्यामुळे ते संपेपर्यंत रक्त नीट गोठत राहते. सातवा घटक सर्वांत आधी आटतो, त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, जेमतेम सहा तासांचे. दुसऱ्याला अडीच दिवस लागतात.

म्हणून रक्त गोठण्याची तपासणी, म्हणजे पीटी-आयएनआर (आकडा जितका मोठा, तितका रक्त गोठायला उशीर), बिघडायला सहसा २४ ते ४८ तास जातात. प्रत्यक्ष रक्तस्राव दोन ते पाच दिवसांच्या दरम्यान दिसतो.

५. रक्त कधी तपासावे

खाल्ल्यानंतर चार तासांत केलेला आयएनआर नॉर्मल येणारच. त्यावरून सुटका झाली असे समजणे ही या विषबाधेतली सर्वांत नेहमीची चूक आहे. डॉक्टर सुरुवातीची नोंद म्हणून तो करतील, पण निर्णय ४८ तासांच्या, आणि खाणे मोठे असेल तर ७२ तासांच्याही तपासणीवर होतो.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. ‘असू दे सुरक्षिततेसाठी’ म्हणून पहिल्याच दिवशी केचे इंजेक्शन घेतले, तर आयएनआर काही दिवस दबून राहतो. तपासणी नॉर्मल येते, रुग्ण घरी जातो आणि इंजेक्शनचा असर ओसरल्यावर घरी रक्तस्राव सुरू होतो. तेव्हा माणसांमध्ये के द्यायचे ते आयएनआर वाढल्यावर किंवा रक्तस्राव दिसल्यावर.

६. लक्ष कशावर ठेवायचे

ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, न थांबणारा घोळणा, धक्का न लागता उमटलेले निळे-काळे डाग, चहासारखी किंवा लाल लघवी, डांबरासारखी काळी शौच, नेहमीपेक्षा खूप जास्त मासिक स्राव. यांतले एकही दिसले तरी लगेच रुग्णालय. अचानक तीव्र डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात अडखळणे ही मेंदूतल्या रक्तस्रावाची चिन्हे असू शकतात, आणि पोट किंवा कंबर विनाकारण दुखणे हे आतल्या रक्तस्रावाचे. या काळात अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका. स्नायूत इंजेक्शनही नको, कारण सुईच्या जागी रक्ताची गाठ धरते.

कधी कधी विष खाल्ल्याचे कुणाला ठाऊकही नसते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ब्रोडिफॅकूम मिसळलेला कृत्रिम गांजा ओढून दीडशेहून अधिक लोकांना विषबाधा झाली. ते रुग्णालयात आले ते नाकातून आणि लघवीतून रक्त जाते म्हणून.

७. उपचार : के-१, आणि तोही पुरेसा काळ

उतारा आहे के-१, म्हणजे फायटोमेनाडिओन. दुकानात केच्या नावाने के-३, म्हणजे मेनाडिओनही मिळते, पण या विषावर त्याचा उपयोग नाही. चिठ्ठीवरचे आणि पाकिटावरचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. पालक-मेथी खाऊनही हा खड्डा भरत नाही.

के-१ दिल्याबरोबर रक्त गोठू लागत नाही. यकृताने नवे घटक बनवायला काही तास लागतात. जोराचा रक्तस्राव चालू असेल तर तेवढा वेळ नसतो, म्हणून तयार घटकच देतात : प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, ते नसेल तर ताजा गोठवलेला प्लाझ्मा. सोबत के-१ शिरेतून अगदी सावकाश सोडतात, कारण भरकन दिल्यास क्वचित तीव्र अॅलर्जीसारखी प्रतिक्रिया येते. रक्तस्राव थांबला की गोळ्या सुरू.

मग सुरू होतो कंटाळवाणा भाग. औषध म्हणून घेतलेल्या वॉरफरिनचे अर्धायुष्य दीड-दोन दिवसांचे, ब्रोडिफॅकूमचे काही आठवड्यांचे. ते यकृतात ठाण मांडून बसते. मोठ्या विषबाधेत रोज ५० ते १०० मिलिग्रॅम के-१ तोंडाने, तेही महिनोन्महिने घ्यावे लागते. एरवी ५-१० मिलिग्रॅमच्या गोळ्या पाहण्याची सवय असलेला औषधविक्रेता हा आकडा पाहून दचकतो, आणि त्याने मनानेच डोस कमी करू नये म्हणून चिठ्ठीवर कारण लिहून घेतलेले बरे. बरे वाटते म्हणून गोळ्या थांबवल्या की आठवड्याच्या आत रक्त पुन्हा पातळ होते. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच थांबवायच्या, आणि थांबवल्यानंतरही पीटी-आयएनआर पुन्हा पुन्हा तपासत राहायचे.

८. कुत्रा किंवा मांजर असेल तर

कुत्र्याला कडूपणाची पर्वा नसते, तो खोक्यासकट सगळे गिळतो. ब्रोडिफॅकूमची कुत्र्यातली मध्यम प्राणघातक मात्रा, म्हणजे जिने निम्मे कुत्रे दगावतात ती, किलोमागे ०.२५ ते ४ मिलिग्रॅम इतक्या मोठ्या पल्ल्यात येते. खालचा आकडा धरला तर १० किलोच्या कुत्र्याला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम आमिष पुरते. ब्रोमाडिओलोनच्या बाबतीत हाच आकडा किलोमागे ११ ते २० मिलिग्रॅम आहे. टक्केवारी तीच असूनही धोका किती वेगळा, यासाठी घटकाचे नाव हवे. पशुवैद्य प्राणघातक मात्रेच्या पुष्कळ खालीच उपचार सुरू करतात.

पहिल्या काही तासांत पोहोचलात तर पशुवैद्य औषधाने उलटी करवतात, घरी तो खटाटोप नको. पुढे एकतर ४८ ते ७२ तासांनी पीटी तपासतात, नाहीतर सरळ के-१ सुरू करतात. दुसऱ्या पिढीच्या विषासाठी तीन-चार आठवडे गोळ्या लागतात. के-१ स्निग्धात विरघळणारे असल्यामुळे गोळी स्निग्ध अन्नाबरोबर द्या, उपाशीपोटी नको. शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी पीटी तपासायचीच. ती वाढलेली निघाली तर आणखी काही आठवडे. तोवर पळवणे, उड्या, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती बंद.

कुत्र्यात रक्त बाहेर दिसेलच असे नाही. मलूलपणा, फिकट हिरड्या, खोकला, धाप, अचानक लंगडणे एवढेच दिसते, कारण रक्त छातीत किंवा सांध्यात साठते.

९. आमिष पुन्हा ठेवण्यापूर्वी

सांडलेले दाणे हातमोजे घालून उचला, केरसुणीने उडवू नका. आमिष ठेवायचेच असेल तर कुलूपबंद पेटीत, आतल्या सळईला ओवलेल्या वड्या ठेवा. सुटे दाणे उंदीर ओढून नेतो आणि भलतीकडे टाकतो. मूळ वेष्टन फेकू नका, दुसऱ्या डब्यात औषध काढू नका. किती वड्या, कुठे, कोणत्या तारखेला ठेवल्या हे लिहून ठेवा. वडी नाहीशी झाली तर ‘किती गेले’ याचे उत्तर त्याच कागदावर मिळते.

उंदीर खाल्ल्यावर लगेच मरत नाही, त्यालाही तीन ते सात दिवस लागतात. त्या दिवसांत तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि मांजर, घुबड, घार यांच्या तावडीत अलगद सापडतो. त्याच्या यकृतातले विष मग त्यांच्या पोटात जाते. म्हणून आमिष ठेवल्यापासून रोज मेलेले उंदीर शोधा, हातमोज्यांनी दुहेरी पिशवीत बांधा आणि कुत्री-मांजरी उकरणार नाहीत अशी त्यांची विल्हेवाट लावा. खाणे बंद झाले की उरलेले आमिषही उचला.