हार्ड आणि हार्डलीतला घोळ: इंग्रजी ॲडव्हर्ब कसा लावायचा

पुतण्याची वही बघत होतो, त्यात लिहिलं होतं 'माय फादर वर्क्स हार्डली'. त्याला म्हणायचं होतं पप्पा लई कष्ट करतात, अन् झालं उलटंच, पप्पा जवळजवळ कामच करत नाहीत म्हणे. भाऊ माझा दिवसभर लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची पोती मोजून थकतो बिचारा. शब्दाच्या शेवटी एलवाय लागलं की ॲडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण, एवढंच आपण पाठ करतो ना, तिथंच फसतो. हार्ड, फास्ट, लेट हे एलवायशिवायच ॲडव्हर्ब आहेत, लेटली म्हणजे हल्ली, अन् फ्रेंडलीला एलवाय असून ते विशेषण.

त्यापेक्षा क्रियापदाला विचारा, कसं? कुठं? कधी? किती वेळा? उत्तर एका शब्दाचं आलं तर ॲडव्हर्ब, दोन-चार शब्दांचं आलं तर ॲडव्हर्बियल फ्रेज. (व्हेरीसारखे काही ॲडव्हर्ब विशेषणालाही चिकटतात, व्हेरी हॉट, पण ते सोपंय.) आपल्याकडं 'सकाळी', 'मोंढ्यात', 'काळजीनं' असं प्रत्यय लावून एका शब्दात भागतं, इंग्रजीत तोच प्रत्यय सुटा होऊन पुढं येऊन बसतो, इन द मॉर्निंग, इन द मार्केट, विथ केअर, म्हणून तिथं फ्रेज दिसते.

आता खरी गोची क्रमाची, त्याला माझी एक युक्ती आहे. मराठी वाक्य घ्या, 'तो दोन तास स्टँडवर गुपचूप बसला'. कर्ता तसाच ठेवा अन् बाकीचं मागून वाचत या: बसला, गुपचूप, स्टँडवर, दोन तास. झालं की, 'ही सॅट क्वायटली ॲट द बस स्टँड फॉर टू अवर्स'. आधी कसं, मग कुठं, मग कधी किंवा किती वेळ. वेळ सुरुवातीला टाकली तरी चालते, पण क्रियापद अन् कर्माच्या मधी काही घुसवू नका, 'शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश' चूक, फ्लुएंटली शेवटी.

ही युक्ती ऑलवेज, ऑफन, नेव्हरला मात्र लागू नाही बरं का, ते क्रियापदाच्या आधी येतात, 'ही ऑलवेज कम्स लेट', पण इज-ॲम-आर असलं की त्याच्या नंतर, 'ही इज ऑलवेज लेट'.

एवढं सगळं सांगून पुतण्याला म्हणलं आता हार्डलीचं एक बरोबर वाक्य कर. गड्यानं माझ्याकडं बघत लिहिलं, 'माय अंकल हार्डली वर्क्स'. व्याकरणात चूक काढायला जागाच नव्हती.