इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे अभ्याससाहित्य निवडताना

इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, म्हणजे बाहेरचे न दिसताही उपकरणांच्या आधारे विमान उडवण्याच्या वैमानिकाच्या पात्रतेसाठी, पुस्तके, व्हिडिओ कोर्स आणि प्रश्नसंच इतके मिळतात की सगळेच थोडे थोडे वाचले जाते आणि एकही पुरे होत नाही. म्हणून खरेदीपूर्वी होल्डिंग पॅटर्नमधील (वाट पाहताना विमानाने हवेत घालायच्या ठरावीक घिरट्यांमधील) प्रवेश हा एकच अवघड विषय प्रत्येक साहित्यात वाचून पाहावा, आणि ज्याचे विवेचन वाचल्यावर तीनही प्रवेशपद्धती कागदावर स्वतः रेखाटता येतील, तेच मुख्य पुस्तक मानावे. अमेरिकेच्या एफएएची (नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची) इन्स्ट्रुमेंट उड्डाणावरील पुस्तिका तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. तुलनेची सुरुवात तिच्यापासून करणे मला सर्वांत योग्य वाटते. प्रश्नसंच मात्र आपल्या परवाना प्राधिकरणाच्या चालू अभ्यासक्रमाचाच घ्यावा. जुने अप्रोच चार्ट (धावपट्टीकडे उतरत येण्याच्या मार्गाचे नकाशे) सरावाला चालतात, परंतु प्रत्यक्ष उड्डाणात ते कदापि वापरू नयेत, कारण त्यांतील माहिती 28 दिवसांच्या चक्रानुसार अद्ययावत केली जाते.