मोबाइल-कॉम्प्युटरवरून भांडताय? निदान या चुका टाळा

आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एका रविवारी मित्राने फोटो टाकला. १ टीबीची नवी हार्ड डिस्क, आणि कॉम्प्युटर दाखवतोय ९३१ जीबी. खाली एकच ओळ: "दुकानदाराने ६९ जीबीचा चुना लावला." दुसऱ्याने आपली १ टीबीची डिस्क मॅकला जोडून स्क्रीनशॉट पाठवला, त्यात पूर्ण १ टीबी. मग काय, विंडोजवाले एका बाजूला, मॅकवाले दुसऱ्या. संध्याकाळपर्यंत दीडशे मेसेज, एकाच्या पगाराचा उद्धार, आणि रात्री एक जण ग्रुप सोडून गेलेला.

स्क्रीनशॉट दोन्ही खरे होते. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं एवढे बाइट धरतात. विंडोज तेच बाइट १०२४ च्या पटीत मोजतं, नाव मात्र जीबीच ठेवतं, म्हणून ९३१. मॅकही पूर्वी असंच मोजायचा. २००९ च्या स्नो लेपर्डपासून तो हजाराच्या पटीत मोजायला लागला. एकाच पोत्यातलं धान्य एक जण शेरात मोजत होता, दुसरा किलोत, आणि दोघं मिळून वाण्याला शिव्या देत होते.

या भांडणांत मी वीसेक वर्षं आहे, बऱ्याचदा तोंडावर पडलेल्या बाजूला. त्यातून एक कळलं: मशीनवरून होणारी बहुतेक भांडणं मशीनमुळे होत नाहीत. दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात आणि ते कुणी तपासत नाही.

एकक न पाहता आकडा फेकणं

डिस्कचं झालंच. त्याचं धाकटं भावंड म्हणजे इंटरनेटचा वेग. "१०० एमबीपीएसचे पैसे घेतात आणि डाउनलोड १२ ने होतं." कनेक्शन मेगाबिटमध्ये विकतात, डाउनलोडची खिडकी बहुतेकदा मेगाबाइट दाखवते, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. १०० भागिले ८, साडेबारा. इंग्रजीतला छोटा बी (b) म्हणजे बिट, मोठा बी (B) म्हणजे बाइट, एवढाच फरक. तक्रार करण्याआधी तो बी बघून घ्या, कस्टमर केअरवाल्याचाही दिवस वाचेल.

नाव एक, फोन दोन

नाशिकचा भाऊ आणि न्यू जर्सीची बहीण एकाच नावाच्या फोनवरून भांडतात, हे मी घरात पाहिलंय. सॅमसंगचे गॅलॅक्सी एस२० आणि एस२१ भारतात सॅमसंगच्याच एक्झिनॉस चिपवर विकले गेले, अमेरिकेत क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन चिपवर. २०२२ च्या एस२२ ला भारतातही स्नॅपड्रॅगन आली, एस२३ ला सगळीकडे तीच. मग २०२४ मध्ये एस२४ आणि एस२४ प्लस भारतात पुन्हा एक्झिनॉसवर, अल्ट्रा मात्र स्नॅपड्रॅगनवर. चिप बदलली की बॅटरी, तापणं, गेममधला वेग, सगळ्याचाच हिशेब बदलतो. अमेरिकन यूट्यूबरचा व्हिडिओ दाखवून नाशिकच्या भावाला खोटं पाडणं म्हणूनच निरर्थक. आयफोन १४ चंही तेच: अमेरिकेतल्या फोनला सिमचा ट्रे नाही, आपल्याकडच्याला आहे.

उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये "फोनविषयी" उघडा, पूर्ण मॉडेल नंबर आणि अपडेटची आवृत्ती आधी टाका, मत नंतर. हे दोन तपशील आले की अर्धी भांडणं तिथेच विझतात. काही लोकांना त्याचं वाईटही वाटतं.

मोठा आकडा म्हणजे मोठी गोष्ट

लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवायचे दिवस आठवत असतील त्यांना गिगाहर्ट्झची, म्हणजे चिप सेकंदाला किती अब्ज ठोके देते याची, भांडणं आठवतील. इंटेलच्या पेंटियम ४ चा आकडा ३.८ पर्यंत गेला. इंटेलची स्पर्धक एएमडीने तेव्हा अॅथलॉन एक्सपी १८००+ असं नाव देऊन चिप विकली, तिचा खरा वेग १.५३ गिगाहर्ट्झ होता. आम्ही पेंटियमवाले तिला "नकली आकडा" म्हणून हिणवायचो. वास्तविक एका ठोक्यात चिप किती काम उरकते हे आमच्या गणितातच नव्हतं. पुढे खुद्द इंटेलच कमी ठोक्यात जास्त काम करणाऱ्या चिपांकडे वळली, तेव्हा आमची तोंडं बघण्यासारखी होती.

हल्ली तेच मेगापिक्सेलचं. २०२० च्या गॅलॅक्सी एस२० अल्ट्राला १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, पण साधा फोटो काढला की तो नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. बेंचमार्कच्या, म्हणजे फोनचा वेग मोजणाऱ्या चाचण्यांच्या, स्कोअरचंही पाहून घ्या. आवृत्ती बदलली की अँटुटू या बेंचमार्क अॅपचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय २०१३ मध्ये गॅलॅक्सी एस४ बेंचमार्कचं अॅप ओळखून ग्राफिक्सचा वेग वाढवताना पकडला गेला होता, आणि २०१८ मध्ये हुआवेचे काही फोन अशाच कारणाने थ्रीडीमार्क या दुसऱ्या बेंचमार्कच्या यादीतून काढले गेले. परीक्षक आला की गणवेश घालणारी शाळा, दुसरं काय.

ऐकीव गोष्ट ठासून सांगणं आणि ऐकीव म्हणून हसण्यावारी नेणं

अॅप्स वर सरकवून बंद केली की बॅटरी वाचते, असं सांगणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. २०१६ मध्ये अॅपलचे क्रेग फेडरिघी यांनी एका ग्राहकाच्या ईमेलला उत्तर देताना ते साफ नाकारलं, आणि अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही त्यांच्या सुरात सूर मिसळला. बंद केलेलं अॅप पुन्हा उघडताना सगळं पहिल्यापासून जमवावं लागतं, त्यात उलट जास्त काम होतं. अडकलेलं अॅप बंद करा, रोजची झाडलोट नको.

पण याच्या उलट चूक मी स्वतः केलीय. "कंपनी जुने फोन मुद्दाम स्लो करते" असं कुणी म्हटलं की मी हसायचो. २०१७ च्या अखेरीला एका आयफोनवाल्याने बॅटरी बदलली आणि फोनचा स्कोअर वाढल्याचं जाहीर केलं. गीकबेंच या बेंचमार्क अॅपचे जॉन पूल यांनी हजारो फोनचे स्कोअर सॉफ्टवेअरच्या आवृत्तीनुसार मांडले, आणि डिसेंबरमध्ये अॅपलने मान्य केलं की थकलेल्या बॅटरीचा फोन अचानक बंद पडू नये म्हणून वेगाला लगाम घातला जातो. नवा फोन घ्यायला लावण्यासाठी नव्हे, असं कंपनीचं म्हणणं. पण सांगितलं नव्हतं हे खरंच. पुढे बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. त्या माणसाने वादात काय केलं ते पाहा: आधीचा आकडा, नंतरचा आकडा, मधे एकच बदल. मी फक्त हसण्याचे इमोजी टाकत होतो.

दोष भलत्याच्या गळ्यात मारणं

हे खास आपलं भांडण. "युनिकोडने मराठीचा ल आणि श हिंदी करून टाकला." जुन्या डीटीपीवाल्यांना राग येणं मी समजू शकतो, राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयातही ल आणि श ची मराठी वळणं दिलेली आहेत. पण युनिकोड ही कॉम्प्युटरमध्ये अक्षरं साठवण्याची सगळ्यांनी मानलेली पद्धत, ती अक्षराला फक्त क्रमांक देते; वळण देतो तो फॉन्ट. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं, त्याला ते कळलं, की मराठी ल येतो. भाषा हिंदीवर राहिली तर हिंदी ल. म्हणजे शिव्या युनिकोडला आणि सेटिंग आपलं. यावर मी दोन मित्र गमावलेत. एक परत आला, फॉन्ट बदलल्यावर.

अमेरिकेतलं भांडण उसनं आणणं

मेसेजचा बुडबुडा निळा (आयफोनवरून आयफोनला) की हिरवा (अँड्रॉइडशी), यावरून अमेरिकेतली पोरं एकमेकांना हिणवतात, कारण तिथे आयफोनचं मेसेज अॅपच गप्पांचं ठिकाण आहे. आपल्याकडे सगळं गाव व्हॉट्सअॅपवर. ज्याला इथे त्या मेसेज अॅपवर दिवसाकाठी फक्त ओटीपी येतात, त्याने हा वाद घालू नये.

मुद्दा सोडून माणूस धरणं

या बाबतीत २९ जानेवारी १९९२ चा वाद मला सगळ्यात आवडतो. मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी जाहीरपणे लिहिलं की लिनक्स ही नवी सिस्टिम कालबाह्य आहे: सगळा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एकाच गाठोड्यात, आणि तोही इंटेलच्या ३८६ चिपला बांधलेला. लिनक्स लिहिणारा लिनस टॉरवाल्ड्स तेव्हा २२ वर्षांचा विद्यार्थी. त्याने भडकून उत्तर दिलं, मिनिक्सची उणीदुणी काढली, आणि लगेच सुराबद्दल माफीही मागितली. मुद्दा मात्र सोडला नाही. टॅनेनबॉमही कमी नव्हते, माझा विद्यार्थी असतास तर असल्या रचनेला चांगले गुण मिळाले नसते, असं त्यांनी सुनावलं. पाच वर्षांत सगळे वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरवर असतील, हा त्यांचा अंदाज साफ चुकला.

पण २००४ मध्ये लिनक्स मिनिक्समधून चोरलंय असा आरोप झाला, तेव्हा तो जाहीरपणे खोडून काढणाऱ्यांत टॅनेनबॉमच होते. वाद रचनेचा होता, पोराच्या सचोटीचा नव्हता, हे त्यांनी बारा वर्षं वेगळं ठेवलं होतं.

त्या वादात जिंकलं कोण, हे अजून विचारतात. अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्स आहे, म्हणून लिनस, असं म्हणणारे बहुसंख्य. मात्र २०१७ मध्ये उघड झालं की इंटेलच्या चिपसेटमधल्या छुप्या व्यवस्थापन इंजिनात, म्हणजे मुख्य सिस्टिमच्या खाली वेगळ्या चालणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरात, मिनिक्स चालतं. टॅनेनबॉमना ते बातम्यांतूनच कळलं, आणि त्यांनी इंटेलला खुलं पत्र लिहून निदान कळवायचं तरी होतंत असं म्हटलं. म्हणजे त्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर तुम्ही उबंटू (लिनक्सचाच एक अवतार) टाकलं असेल, तर वर लिनक्स आणि खाली मिनिक्स, दोघंही एकाच डब्यात गुपचूप कामाला लागलेले असतात.