ओटागो सेंट्रल रेल ट्रेल चार दिवसात: चढाचं टेन्शन सोडा, वाऱ्याचं घ्या

न्यूझीलंडला येणाऱ्या आपल्या मंडळींचा प्रोग्राम बहुतेक ठरलेलाच असतो, ऑकलंड, रोटोरुआ, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड आणि परत. मी दरवेळी सांगतो की त्यातले चार दिवस काढा आणि साउथ आयलंडच्या ओटागो भागात क्लाइड ते मिडलमार्च सायकल मारा, आणि दरवेळी एकच प्रश्न येतो, "अरे पण १५२ किलोमीटर? आम्हाला झेपेल का?" झेपेल. आमच्या ग्रुपमध्ये साठी ओलांडलेले एक काका होते, पुण्यात फक्त भाजी आणायला सायकल काढणारे, त्यांनी आरामात केलं. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी हे समजून घ्या की हा रस्ता म्हणजे जुनी रेल्वे लाईन आहे. डुनेडिनजवळच्या विंगाटुईहून १८७९ ला काम सुरू झालं, मिडलमार्चला गाडी पोचली १८९१ ला आणि क्लाइडला १९०७ ला. शेवटी शेवटी क्लाइडच्या धरणाचं सामान वाहायला ती उपयोगी पडली, आणि १९९० ला मिडलमार्चच्या पुढची लाईन बंद झाली. रूळ काढले, तिथल्या निसर्ग संवर्धन खात्याने जमीन घेतली, खडी पसरून पुलांवर फळ्या आणि कठडे बसवले आणि २००० साली ट्रेल पूर्ण उघडली. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नाही त्यामुळे इंजिनियर लोकांनी डोंगर टाळून, वळसे घालून लाईन नेली, सगळ्यात कडक चढ ५० ला १, म्हणजे पन्नास मीटर गेल्यावर एक मीटर वर. आपल्या बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे बघा. सिंहगड चढवणाऱ्याला तर हा चढ वाटणारच नाही.

मग त्रास कशाचा? वाऱ्याचा. हा भाग उघडा, झाडं कमी, आणि वारा समोरून आला की सपाट रस्त्यावरही पहिल्या गिअरवर यावं लागतं. माझं म्हणणं ऐकाल तर रोजचं प्लॅनिंग किलोमीटर बघून करू नका, वाऱ्याचा अंदाज बघून करा. सकाळी लवकर निघा, दुपारनंतर वारा वाढतो. बहुतेक लोक क्लाइडहून सुरू करतात कारण वायव्येचा वारा बराच वेळ पाठीशी राहतो, पण दक्षिणेचा गार वारा सुटला तर शेवटच्या दिवशी तो थेट तोंडावर, कारण हाइडच्या पुढे रस्ता दक्षिणेकडे जातो. तसं झालं तर त्या दिवसाला दोन तास जास्तीचे धरा आणि चिडू नका.

सीझन ऑक्टोबर ते एप्रिल. मला स्वतःला मार्चचा शेवट आणि एप्रिलची सुरुवात आवडते, पॉपलरची झाडं पिवळीधमक होतात, फक्त सकाळी हातमोजे लागतात. जानेवारीत अलेक्झांड्राला तीस-पस्तीसपर्यंत पारा जातो आणि सावली कुठेच नाही. इथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, जाऊ नका, रॅनफर्लीला १९०३ साली उणे २५.६ ची नोंद आहे, बस एवढंच सांगतो. उन्हाळ्यात ढग असले तरी सनस्क्रीन लावा, इथलं ऊन दिसतं साधं पण तासाभरात कान भाजतात.

सायकल भारतातून आणायच्या भानगडीत पडू नका. क्लाइड, अलेक्झांड्रा, ओमाकाऊ, मिडलमार्च सगळीकडे भाड्याने मिळतात, हायब्रिड किंवा माउंटन बाईक घ्या, रोडबाईकचे बारीक टायर या खडीवर चालणार नाहीत. ई-बाईक घेण्यात कसलीही लाज नाही, वाऱ्यात तीच कामाला येते, फक्त मुक्कामी चार्जिंगचं आधी विचारून ठेवा. भाड्याने देणारेच तुमची बॅग रोज पुढच्या मुक्कामी नेऊन टाकतात, हे पैसे वाचवू नका, पाठीवर सॅक घेऊन चार दिवस म्हणजे शिक्षा आहे. हेल्मेट इथे कायद्याने सक्तीचं आहे. आणि पॅडवाली चड्डी दोन जोड घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी बूड सीटवर टेकलं की माझी आठवण येईल.

येताना स्वतःचे बूट, काही बाईकचं सामान असेल तर माती घासून स्वच्छ करा आणि खायचं जे काही असेल ते अरायव्हल फॉर्मवर जाहीर करा. थेपले, लाडू, लोणचं, काहीही असो, टिक करा. जाहीर केलं तर जास्तीत जास्त काढून घेतील, लपवलं तर जागेवर ४०० डॉलर दंड.

आता दिवसांचं. मी असा करतो, तुम्ही बदला.

पहिला दिवस क्लाइड ते लॉडर, सुमारे ४४ किलोमीटर. क्लाइड म्हणजे १८६२ च्या सोन्याच्या धावपळीतलं गाव, दगडी घरं अजून आहेत. आठ किलोमीटरवर अलेक्झांड्रा, तिथे सुपरमार्केट आहे, केळी, दाणे, चॉकलेट भरून घ्या कारण पुढे दुकानं विरळ. चॅटो क्रीकला जेवण आणि तिथलं छोटंसं जुनं पोस्ट ऑफिस, आपल्या पानटपरीपेक्षा थोडंच मोठं. त्यानंतर टायगर हिल, नाव ऐकून घाबरू नका, लांबलचक वळसा घालून हळूहळू चढ आहे, गप्पा मारत जाता येतं.

दुसरा दिवस या ट्रेलचा जीव आहे, त्यामुळे त्याला घाई नको. अंतर लॉडर ते वेडरबर्न फक्त ३४ च्या आसपास पण पूर्ण दिवस द्या. लॉडर सोडलं की थोड्याच वेळात मनुहेरिकिया नदीवरचा शंभर मीटरहून लांब पूल, मग पूलबर्न घळ, त्यात दोन बोगदे, दोन्ही दोनशे मीटरच्या आसपास आणि आत वळण असल्याने मधे मिट्ट काळोख. टॉर्च पाहिजेच, मोबाईलचा नाही, हातात धरायचा किंवा डोक्याचा, आणि सायकलवरून उतरून चालत जा. आमच्यातल्या एकाने हिरोगिरी करून सायकल चालवली आणि गुडघा खरचटून बाहेर आला. याच घळीत ३७ मीटर उंच दगडी खांबांचा पूलबर्न व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचा पूल, तिथे थांबा, खाली बघा, डबा काढा. आजूबाजूला कोणी नसतं, फक्त वारा आणि मेंढ्या.

पुढे ओटुरेहुआ. इथे हेज नावाच्या कुटुंबाचा १८९५ पासूनचा कारखाना आहे, तारेचं कुंपण ताणायची अवजारं बनवणारा, आता हेरिटेज म्हणून जपलाय. मला त्यातली हॅना हेज फार आवडते, नवरा अर्नेस्ट अवजारं बनवायचा आणि ही बाई सायकलवर बसून शेतोशेत फिरून ती विकायची, लांब स्कर्ट घालून, ट्रेल वगैरे काही नसताना, मातीच्या रस्त्याने. दुपारी पाय दुखायला लागले की मी तिचं नाव घेतो. वेडरबर्नच्या आधी ६१८ मीटरवर सगळ्यात उंच जागा लागते, त्यानंतर रॅनफर्लीपर्यंत उतार, पेडल न मारताही सायकल पळते (वारा नसेल तर, परत तेच).

तिसरा दिवस मुद्दाम हलका, वेडरबर्न ते वायपियाटा, वीस-बावीस किलोमीटर. रॅनफर्लीत १९३० च्या दशकात आगी लागून बरंच गाव जळलं आणि नव्याने बांधलं ते त्या काळच्या आर्ट डेको फॅशनमध्ये, मुंबईत मरीन ड्राइव्ह बघितलेल्याला एकदम ओळखीचं वाटेल. वेळ असेल तर गाडीने नेझबीला जा, तिथे इनडोअर कर्लिंग आहे, बर्फावर दगड सरकवायचा खेळ, पहिल्या प्रयत्नात सगळेच आपटतात.

चौथा दिवस मोठा, वायपियाटा ते मिडलमार्च पन्नासच्या वर, म्हणून सकाळी सातला निघा. वाटेत प्राइसेस क्रीकचा बोगदा आणि पूल, मग हाइडला जेवण. हाइडच्या पुढे एक स्मारक आहे, ४ जून १९४३ ला पॅसेंजर गाडी वळणावर रुळांवरून घसरली आणि २१ जण गेले. सुमारे ५० च्या मर्यादेच्या वळणावर गाडी ११० च्या वर होती आणि ड्रायव्हर प्यायलेला होता, त्याला नंतर तुरुंगवास झाला. दोन मिनिटं थांबा.

शाकाहारी लोकांसाठी वेगळं सांगतो. जेवण बहुतेक पबमध्येच, आणि किचन आठच्या सुमारास बंद होतं, नऊला भूक लागली तर चिप्सच. बुकिंग करतानाच कळवा की मांस-मासे-अंडं काय चालतं काय नाही, नुसतं व्हेज म्हटलं की कधी कधी समोर मासा येतो, ते बिचारे मनापासून आणतात. दुपारी चीज रोल मागवा, साउथ आयलंडच्या या भागाची खासियत, पावात चीज गुंडाळून भाजलेलं, कॉफीबरोबर मस्त. मी कायम चटणीची एक छोटी बाटली अलेक्झांड्राहून घेतो.

वाटेत गँगमन लोकांच्या जुन्या खोल्या आहेत, आत माहितीचे फलक लावलेत, पाऊस आला तर आसरा तोच. टॉयलेट ठराविक अंतरावर आहेत, पाणी मात्र जिथे मिळेल तिथे भरा, दोन लिटर कायम जवळ. मोबाईलची रेंज मधेमधे गायब होते म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा, इमर्जन्सी नंबर १११. फाटक उघडं असेल तर उघडंच ठेवा, बंद असेल तर परत बंद करा, मेंढ्या दुसऱ्याच्या आहेत. सुरुवातीला ट्रेलचा छोटा पासपोर्ट घ्या आणि जुन्या स्टेशनांच्या नावाचे शिक्के मारत जा, मुलांना वेड लागतं, आम्हालाही लागलं.

एक मात्र विसरू नका, मिडलमार्चहून परत यायच्या शटल गाडीचं बुकिंग सायकल बुक करतानाच करून ठेवा. आम्ही तिथे जाऊन बघू म्हटलं होतं आणि संध्याकाळी साडेपाचला त्या छोट्याशा गावात बॅगांवर बसून राहिलो, शेवटी मुक्कामच वाढवला.