लादीवरच्या सात जणांची नावं कशी शोधायची

आमच्या शाळेच्या पडवीत, पाण्याच्या पिंपामागे, भिंतीत एक संगमरवरी लादी बसवलेली आहे. त्या शाळेत मी एकवीस वर्षं शिकवलं, पण लादीवर काय लिहिलंय ते धड वाचलं निवृत्त व्हायच्या वर्षी. दर दिवाळीच्या सुट्टीत रंगारी यायचा आणि भिंतीबरोबर तिच्यावरूनही ब्रश फिरवून जायचा. मजकूर इंग्रजीत, चारच ओळी: या गावातून ३४ माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी ७ जणांनी प्राण दिले. बस. नाव एकाचंही नाही.

अशा लाद्या रत्नागिरी, सातारा भागात बऱ्याच गावांत आहेत. चावडीत, शाळेत, कुठे वेशीजवळ. मजकूर जवळजवळ तोच, आकडे तेवढे वेगळे. आमचं गाव खेड तालुक्यातलं. सातांपैकी पाच नावं मिळवायला मला दोन वर्षं लागली, त्यातलं एक वर्ष निव्वळ चुका करण्यात गेलं. तेवढं तुमचं वाचावं म्हणून लिहिते आहे.

पहिली चूक लादी धुण्याची. न्हाणीघराच्या फरशीसाठी आणलेलं ॲसिड मी रंग काढायला तिच्यावर ओतलं. फसफसून फेस आला, रंग थोडा गेला, पण दगडाची चकाकीही गेली आणि ३४ मधल्या तिनाची कड बोथट झाली. संगमरवर म्हणजे शेवटी चुन्याचाच दगड, ॲसिड त्याला खातंच. तुम्ही साधं पाणी आणि मऊ ब्रश घ्या. रंगाचे पापुद्रे निघत असतील तर बांबूच्या चोयटीने हलकेच काढा, निघत नसतील तर राहू द्या. घासून उजळवण्यापेक्षा वाचता येणं महत्त्वाचं. त्यासाठी अंधार पडल्यावर जा, टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. खोदलेल्या अक्षरांत सावली पडते आणि दिवसा न दिसणारा काना-मात्राही उठून येतो. डावी, उजवी, वर, खाली अशा चारही बाजूंनी टॉर्च धरून मोबाइलवर फोटो काढा. आमच्या लादीवर ७ आहे की १, हा वाद अशाच फोटोने मिटला.

मग घरोघर जायचं. इथे प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. मी सुरुवातीला विचारायची, "तुमच्याकडचं कुणी पहिल्या महायुद्धात गेलं होतं का?" सगळे मान हलवायचे. एका म्हाताऱ्या काकींनी उलट विचारलं, "म्हणजे बसऱ्याला का गं बाई?" मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, हा शब्द आमच्या गावात कधी पोचलाच नव्हता, तिथलं बसरा बंदर मात्र घराघरात होतं. तेव्हा विचारायचं ते असं: पलटणीत कोण होतं? बसऱ्याला कोण गेलं होतं? आणि तिसरा प्रश्न, तो बायकांनाच विचारा: घरात कुणा पणजीला पलटणीची पेन्शन यायची का? नवरा परत न आलेल्या बाईची आठवण पेन्शनीच्या रूपाने टिकून राहते, नवऱ्याचं नाव पुसलं गेलं तरी.

देवघर, ट्रंक आणि माळा यांत तीन वस्तू सापडू शकतात. एक चांदीचं पदक, एका बाजूला पाचव्या जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. दुसरं काशाचं, पंखवाल्या बाईचं. दोन्हींच्या कडेवर, म्हणजे नाण्याला दाते असतात त्या जागी, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. भिंग न्या. चांदीचं पदक फारसं हाती लागत नाही. एका घरी त्याची पैंजणं झाली होती, आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही. पण ही पदकं जिवंत परतलेल्यांनाही मिळाली होती, त्यामुळे पदक सापडलं म्हणजे सातांपैकी एक सापडला असं धरू नका.

तिसरी वस्तू खरी. काशाची गोल चकती, साधारण १२ सेंटिमीटर रुंद, त्यावर शिरस्त्राण घातलेली ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन, पायाशी सिंह, आणि चौकटीत उठावाच्या अक्षरांत मेलेल्याचं नाव. हुद्दा नाही, पलटण नाही. ती मेलेल्याच्याच घरी आली. आमच्याकडे एक खालच्या वाडीत सापडली, लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून. घरातल्या आजी म्हणाल्या, "सासूबाई देवीचा टाक समजून हळदकुंकू वाहायच्या. मग मास्तरांनी सांगितलं हे इंग्रजाचं आहे, तेव्हापासून बरणीवर आहे." मिठाने आणि तेलाने ती हिरवीकाळी पडली होती. सिंहाचं तोंड गेलं होतं, नाव शाबूत होतं. आजींनी ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, कारण त्यांना वाचता येत नव्हतं आणि घरात त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

आणि सगळ्या वाड्या फिरा. मी पहिले आठ महिने मराठवाडीतच फिरत बसले, कारण डोक्यात 'मराठा पलटण' बसलेली. त्या पलटणींत मुसलमानांच्याही तुकड्या होत्या. १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. शिवाय खेचरं हाकणारे, हमाल, भिश्ती असे सोबतचे लोक वेगळेच. आमच्या पाचांतला एक मोहल्ल्यातला निघाला. त्या घरी मी शेवटी गेले, याची लाज अजून वाटते.

आता कागद. महायुद्धांत मेलेल्या शिपायांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मेलेल्यांची यादी फुकट शोधता येते. नुसतं आडनाव टाकून काही होणार नाही. त्या काळी नोंदी शिपायाच्या नावानेच केलेल्या, आडनाव कधी असतं, कधी नसतं, आणि इंग्रज कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते स्पेलिंग. सावंत 'व्ही'नेही असतात आणि 'डब्ल्यू'नेही. मराठ्यांच्या स्पेलिंगमध्ये तेव्हा एक जादा 'एच' होता, Mahratta असं, तो घातल्याशिवाय पलटण सापडत नाही. सगळ्यात उपयोगी पडते ती जादा माहितीची चौकट: तिथे बऱ्याचदा 'अमक्याचा मुलगा, राहणार तमकं गाव, तालुका, जिल्हा' असं लिहिलेलं असतं. त्या चौकटीत माणसाचं नाव टाकूच नका, गावाचं नाव टाका. पाच-सहा प्रकारच्या स्पेलिंगनी टाका. आमचं गाव मला चौथ्या स्पेलिंगला सापडलं, आणि एकाखाली एक तीन नावं पडद्यावर आली. मी चष्मा काढून पुसला आणि परत वाचली.

पलटणीचा नंबर आजच्या नंबराशी जुळत नाही, म्हणून गोंधळू नका. १९२२ मध्ये मराठ्यांच्या पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या. १०३वी झाली पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. १०५वी दुसरी, काली पाचवी. ११०वी तिसरी, ११६वी चौथी, ११७वी पाचवी आणि ११४वी दहावी. तीच आज बेळगावची मराठा लाइट इन्फन्ट्री. नातवंडांना '११०वी' म्हणून काही कळत नाही, 'बेळगावची' म्हटलं की कळतं.

मग मृत्यूची तारीख बघा, कारण ती बोलते. २२ नोव्हेंबर १९१५ च्या आसपासची असेल तर टेसिफॉनची लढाई, बगदादच्या अलीकडे. तिथून माघार घेत पुण्याची सहावी डिव्हिजन कूत-अल-अमारा या गावात शिरली. नदीच्या वळणात वसलेलं गाव, तीन बाजूंना टायग्रिस आणि चौथ्या बाजूला आडवे खणलेले खंदक. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा होता. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. ११०वी तर नदीपल्याडच्या वस्तीत, लोकरीच्या गाठी दाबायच्या गिरणीपाशी, मुख्य गावापासून तुटून राहिली होती. जानेवारीत नदीला पूर आला आणि पुढचे खंदक पाण्याने भरले, तुर्कांचेही आणि यांचेही. कोकणातल्या माणसाला पाण्याचं काय कौतुक, पण हे थंडीतलं गार पाणी होतं आणि पायांना ओली पट्टी गुंडाळून उभं राहायचं होतं. पुढे अन्न संपलं. घोडे कापले जाऊ लागले आणि आपले शिपाई कित्येक आठवडे घोड्याचं मांस शिवले नाहीत. जवाचं पीठ कमी कमी होत मुठीवर आलं, आणि शेवटी २९ एप्रिलला सगळे शरण गेले.

या तीन पलटणींपैकी एखाद्याचा मृत्यू वेढ्याच्या तारखांत असेल तर तो बहुधा कूतच्या आत गेला. २९ एप्रिलनंतरचा असेल तर कैदेतला असू शकतो, कारण शरण आलेल्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि कित्येकांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. 'असू शकतो' एवढंच म्हणा. याच नंबरांच्या पलटणी इकडे नव्याने उभ्या केल्या होत्या, त्यांचीही माणसं पुढे मेली.

कबर शोधायला जाऊ नका. आपल्या बहुतेकांची नोंद बसरा स्मारकावर आहे, म्हणजेच कबर ठाऊक नाही. चाळीस हजारांहून जास्त माणसांचं हे स्मारक. त्याच्या भिंतीवर इंग्रज शिपायांची नावं होती, आपल्यातल्या अधिकाऱ्यांची होती, साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच अहवाल काढून या दुजाभावाची माफी मागितली. ते वाचलं तेव्हा मला आमची पडवीतली लादी आठवली. तिथेही आकडा, इथेही आकडा.

आता कार्यक्रम. ११ नोव्हेंबर, म्हणजे युद्ध थांबलं तो दिवस, बऱ्याच ठिकाणी पाळतात, पण आमच्याकडे तेव्हा भात झोडणी चालू असते आणि कुणी येत नाही. आम्ही २९ एप्रिल धरला. शाळेच्या परीक्षा संपलेल्या, मुंबईकर यायला लागलेले. सकाळी आठला, ऊन चढायच्या आत. पाहुणा नाही, फ्लेक्स नाही. मी शाळेचं जुनं हजेरीपुस्तक नेलं, त्यात नावं लिहिली होती: नाव, बापाचं नाव, वाडी, पलटण, तारीख. हजेरी घेतो तशी एकेक वाचली. घरच्यांना आधी सांगून ठेवलं होतं, ज्याचं नाव येईल त्याच्या घरातल्या एकाने उभं राहायचं, बोलायचं काही नाही. अर्ध्या तासात आटोपलं. एवढंच करा. भाषणं घुसली की माणसं मागे पडतात.

ग्रामसभेत एकाने विचारलंच, "इंग्रजासाठी मेले, त्यांचं कौतुक कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी सांगितलं, कौतुक नाही, हजेरी आहे. दुष्काळ, कर्ज, दोन वेळची भाकरी, कशासाठी कोण गेला ते लादीला माहीत नाही आणि मलाही नाही. म्हणून आमच्या पाटीवर 'शहीद', 'हुतात्मा', 'अमर' यांतलं काही घातलेलं नाही. तुम्हाला घालावंसं वाटलं तर घरच्यांना विचारून घाला.

नावं कोरायची तर जुन्या लादीला हात लावू नका, खाली वेगळा दगड बसवा. नावं देवनागरीत, आणि कोरण्याआधी कागदावर लिहून त्या त्या घरी वाचून दाखवा. इंग्रजी स्पेलिंगवरून मी ज्याला 'बाळू' वाचत होते तो घरच्यांच्या लेखी 'भाऊ' होता.

दगड घडवणाऱ्याने सात ओळी आखल्या होत्या, त्यांपैकी पाच भरल्या. खालच्या दोन मोकळ्या बघून तो म्हणाला, "बाई, जागा उरली, कमळ काढून देऊ का?" मी म्हटलं, नको, राहू दे. छिन्नीने आखलेल्या त्या दोन रेघा तशाच आहेत, आणि पिंपाची जागा आम्ही बदलली आहे.